धारवाडची शेजारविद्या

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची जुनी इमारत कॉलेजसाठी बांधलेली नाही. ती आगगाडीच्या कंपनीची कचेरी होती. १८८२ साली निघालेल्या सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडला होते आणि कारखाना शेजारच्या हुबळीत. १९०८ साली ही कंपनी मद्रास रेल्वेत मिसळली, साहेब लोक दप्तरे गुंडाळून मद्रासला गेले, आणि मागे राहिलेली वास्तू पुढे १९१७ साली सुरू झालेल्या कॉलेजच्या वाट्याला आली. विनायक कृष्ण गोकाक आणि गिरीश कार्नाड हे कन्नड लेखक ज्या कॉलेजात शिकले त्याच्या इमारतीचा पहिला मालक 'मराठा' नाव लावत होता, ही गोष्ट धारवाडकर अजूनही हसत सांगतात.

नाव रेल्वेने शोधून काढलेले नव्हते. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या हाती जो मुलूख आला, त्यातल्या कृष्णा ते तुंगभद्रा या पट्ट्याला इंग्रजी कागदांत 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत. तिथला कुणबी कन्नडात नांगरत होता, कन्नडात बाजार करत होता आणि कन्नडात शिव्या देत होता. पण मुलूख जिंकला पेशव्यांकडून, जहागिरी पटवर्धनांच्या, वसुलाचे कागद मोडीत आणि कारकून मराठी लिहिणारे. साहेबाने कागद पाहिला, माणूस पाहिला नाही, आणि मुलखाला कागदाचे नाव देऊन टाकले.

एखाद्या मुलखाची भाषा, तिथले लोक आणि त्यांचे देव यांचा विद्यापीठात बसून अभ्यास करणे, याला आज स्वतंत्र विद्याशाखेचा मान आहे. धारवाडात ही विद्या विद्यापीठाच्या सव्वाशे वर्षे आधी आली आणि ती आणली कलेक्टर कचेरीने. कंपनीच्या चाकरीत येणाऱ्या पोरांना देशी भाषा शिकवाव्यात म्हणून १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, आणि काही वर्षांत इंग्लंडात हेलीबरीला तसेच दुसरे. कलकत्त्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम केरीने वैजनाथ पंडितांना हाताशी धरून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. त्याच केरीने १८१७ साली श्रीरामपूरहून कन्नडचेही व्याकरण काढले. दोन शेजारणींची इंग्रजीतली ही व्याकरणे हुगळीच्या काठी, एकाच माणसाच्या हातून तयार झाली. पुण्यात किंवा धारवाडात तेव्हा कोणाला त्याची गरज वाटली नव्हती. आपल्या शेजाऱ्याची भाषा व्याकरण वाचून शिकायची असते, हा विचारच कोणाच्या डोक्यात आला नसता. ती अंगणात, बाजारात, लग्नात शिकायची.

हेलीबरीतून शिकून आलेला वॉल्टर एलियट नावाचा स्कॉटिश तरुण मद्रासमार्गे धारवाडला पोचला आणि लवकरच कैदेत पडला. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे मारला गेला, आणि एलियट व स्टीव्हन्सन हे दोन साहेब राणी चन्नम्माच्या ताब्यात सापडले. राणीने त्यांच्या केसालाही धक्का लागू दिला नाही; काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली आणि मग कंपनीच्या फौजेने कित्तूर घेतले. अशा अनुभवानंतर एखाद्याने त्या मुलखाकडे पाठ फिरवली असती. एलियट दहा वर्षे तिथेच राहिला आणि दगड वाचू लागला.

खरे तर वाचू लागले ते त्याचे पंडित. देवळाच्या भिंतीवर, तळ्याच्या काठी, शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या शिळांवरचा हळेगन्नड, म्हणजे जुन्या कन्नडातला, मजकूर गावोगाव फिरून उतरवून आणणारी माणसे एलियटने पदरी ठेवली. ही जुनी लिपी गावच्या कुलकर्ण्यालाही लागत नव्हती. लोक त्या शिळांना शेंदूर लावत किंवा त्यांवर कपडे आपटत. एलियटने अशा ५९५ लेखांच्या नकला जमवल्या, आणि त्यांच्या आधारे लिहिलेला त्याचा निबंध १८३० च्या दशकात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. बदामी आणि कल्याणीचे चालुक्य कोण, कोणामागून कोण आला, याची पहिली सुसंगत मांडणी ती. एलियटने पदरच्या खर्चाने धारवाडात कन्नड शाळा काढली असेही धारवाडचे लोक सांगत आले आहेत. सरकारी शाळा तेव्हा मराठी होती.

त्याचा वारसा चालवला जॉन फेथफुल फ्लीट याने. तोही मुलकी खात्यातला, तोही शिलालेखांचा नादी. मुंबई इलाख्यातल्या कानडी जिल्ह्यांच्या राजघराण्यांवरचा त्याचा ग्रंथ १८८२ चा. दोन वर्षांनी रामकृष्णपंत भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास आला. पुढे मुंबई गॅझेटियरच्या पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात, १८९६ साली, हे दोन्ही ग्रंथ एकाच बांधणीत छापले गेले. महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास आणि कर्नाटकाचा प्राचीन इतिहास एका पुठ्ठ्यात! राजे बहुतेक तेच, शिळा बहुतेक त्याच. पुढच्या पिढ्यांनी हा पुठ्ठा फाडून आपापली अर्धी पाने घरी नेली.

कलेक्टर कचेरीइतकेच, किंबहुना अधिक खोल काम पाद्र्यांनी केले. बासेल मिशन १८३७ साली धारवाडला आणि १८३९ साली हुबळीला आले. हर्मान म्योग्लिंग हा ट्युबिंगेन विद्यापीठात शिकलेला मिशनरी. मंगळूरला १८४३ साली पहिले कन्नड वृत्तपत्र त्याने काढले. जुने कन्नड ग्रंथ छापण्याची त्याची धडपड पाहून ट्युबिंगेनने त्याला मानद डॉक्टरेट दिली. पण धारवाडच्या दृष्टीने खरा माणूस फर्डिनंड किटेल. १८३२ साली जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या एका खेड्यात जन्मलेला हा पाद्री १८५३ साली भारतात आला आणि धारवाडलाच कन्नड शिकू लागला. धर्मांतराच्या कामात त्याने फारसे नाव काढले नाही. मिशनमधल्या वरिष्ठांनाही त्याचे हे पोथ्यांचे वेड फारसे रुचत नसे. केशिराजाचे व्याकरण, नागवर्म्याचे छंदःशास्त्र असे जुने ग्रंथ त्याने संपादित केले, आणि वीसेक वर्षे खपून कन्नड-इंग्रजी कोश तयार केला. तो १८९४ साली मंगळूरला छापला. सुमारे सत्तर हजार शब्द, सतराशेच्या वर पाने. १८९६ साली ट्युबिंगेनने त्यालाही डॉक्टर केले.

या कोशात मराठी वाचकाने थोडे रेंगाळावे. कोणता शब्द कुठे बोलला जातो हे सांगण्यासाठी किटेल कंसात खुणा घालतो. म्हैसूरकडच्या शब्दाला म्हैसूरची खूण. धारवाड-हुबळीकडच्या शब्दाला 'सदर्न मराठा' या नावाचे लघुरूप. म्हणजे नवलगुंदच्या रानातला, अस्सल कन्नड मुळाचा, मराठी माणसाला उच्चारताही न येणारा शब्द या कोशात मराठ्यांच्या नावाची चिठ्ठी लावून बसला आहे. आणि मराठीतून खरोखर आलेल्या शब्दांना वेगळी खूण आहे. किटेलचा यात काही दोष नाही. नकाशावर जे नाव होते ते त्याने वापरले. पण ही चिठ्ठी गळ्यात घेऊन वावरणाऱ्या माणसांना ती टोचू लागली होती.

टोचण्याची जागा शाळा ही होती. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि पुढे जायचे तर मराठीच्या आधाराने इंग्रजी, अशी त्या मुलखातल्या पोराची तीन पायऱ्यांची चढण होती. १८६० च्या दशकात शिक्षण खात्यात रसेल नावाचा इन्स्पेक्टर आणि त्याच्या हाताखाली चन्नबसप्पा नावाचा देशी अधिकारी होता. 'डेप्युटी चन्नबसप्पा' म्हणून कर्नाटकात आजही त्याचे नाव घेतात. या दोघांच्या काळात शाळा कन्नड झाल्या, शिक्षक घडवण्याचे ट्रेनिंग कॉलेज धारवाडात उभे राहिले, कन्नड क्रमिक पुस्तके लिहिली गेली. चन्नबसप्पाने वेळात वेळ काढून शेक्सपिअरचे एक प्रहसनही कन्नडात आणले, १८७१ साली. इतका कामाचा माणूस पन्नाशीही न गाठता वारला.

पुढे २० जुलै १८९० रोजी रामचंद्र हणमंत देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. 'सिरिगन्नडं गेल्गे' ही घोषणा त्यांच्याच नावावर आहे. संघाने कन्नड लेखकांना उत्तेजन दिले, १८९६ पासून 'वाग्भूषण' हे मासिक चालवले. नावे पाहा: देशपांडे, कुलकर्णी, जोशी, देसाई. महाराष्ट्रात बसलेला वाचक ही नावे वाचून 'आपलीच माणसे' म्हणेल आणि तिथेच फसेल. ही कन्नड माणसे होती. त्यांतल्या कित्येकांना मराठी आपल्याइतकीच, काहींना आपल्याहून चांगली येत होती. मराठीविरुद्ध उभे राहण्याचे बळ त्यांना मराठीतूनच मिळाले, असे म्हटले तर धारवाडात कोणी रागावणार नाही.

आलूर वेंकटराव यांचेच घ्या. १८८० साली विजापुरात जन्म, पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेज. ते पुणे टिळकांचे होते. शिवाजी उत्सव आणि गणेशोत्सव जोरात होते, राजवाडे दप्तरे धुंडाळत होते. इतिहास हे शाळेतले पुस्तक नसून माणसे उभी करण्याचे साधन आहे, हे आलूरांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. पुढे हंपीचे भग्न वैभव पाहिल्यावर त्यांच्या मनात प्रश्न आला तो पुण्याचाच होता: आमचा इतिहास कुठे आहे? 'कर्नाटक गतवैभव' हा त्यांचा ग्रंथ १९१७ साली आला, म्हणजे कर्नाटक कॉलेज निघाले त्याच वर्षी. कर्नाटकाच्या एकीकरणाचे कुलपुरोहित म्हणून ते ओळखले गेले, आणि याच माणसाने टिळकांचे गीतारहस्य कन्नडात नेले. पुण्याने शिकवलेली विद्या पुण्यापासून सुटे होण्यासाठी वापरली गेली. यात कृतघ्नपणा शोधणाऱ्यांना विद्या म्हणजे काय हे कळलेले नाही.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. जन्म ३१ जानेवारी १८९६, धारवाड. घरात मराठी. १९१८ साली फर्ग्युसनमधून बी. ए. आणि मग आयुष्यभर कन्नड कविता. तीही पुस्तकी कन्नडात नाही, धारवाडच्या बोलीत, जिला किटेल 'सदर्न मराठा' म्हणत होता त्या बोलीत. १९४४ पासून १९५६ पर्यंत ते सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नडचे प्राध्यापक होते. सोलापुरात कन्नड शिकवायला धारवाडहून माणूस यावा लागला आणि तो घरी मराठी बोलणारा होता, यात विचित्र काही आहे असे त्या काळात कोणालाही वाटले नाही. १९६५ साली त्यांचे 'संवाद' हे मराठी पुस्तक आले आणि त्याला केळकर पारितोषिक मिळाले. १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नड कवितेला. त्याच धारवाडात, जे. एस. एस. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी मराठीत कथा लिहीत होते. एकसंब्याला जन्मलेले, बेळगावकडून धारवाडला आलेले जी. ए. मराठीचे राहिले, मराठी घरातले बेंद्रे कन्नडचे झाले. घरची भाषा पाहून माणसाचा प्रांत ठरवणाऱ्या आयोगांनी हे गाव आपल्या तक्त्यात कुठे बसवले असते कोण जाणे.

मुंबई विद्यापीठाने ही सगळी खटपट फार काळ दुरून पाहिली. १८५७ साली ते निघाले तेव्हा परीक्षांत देशी भाषांना जागा होती. ती लवकरच गेली आणि संस्कृत, फारसी, लॅटिन यांचे राज्य आले. न्यायमूर्ती रानडे वर्षानुवर्षे सिनेटमध्ये झगडले तेव्हा कुठे त्यांच्या अखेरच्या दिवसांत एम. ए.ला देशी भाषांची वाट मोकळी होऊ लागली. ती वाट मराठीइतकीच कन्नड आणि गुजरातीचीही होती. रानड्यांच्या या कामाबद्दल धारवाडने त्यांचे ऋण मानायला हरकत नाही.

संशोधनाला सरकारी छप्पर मिळाले ते १९३९ साली, मुंबई सरकारच्याच पैशाने. धारवाडात कन्नड रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि रा. स. पंचमुखी तिचे संचालक झाले. ताडपत्रे, शिळा, नाणी, मूर्ती गोळा होऊ लागल्या. एलियटच्या पंडितांनी जे काम साहेबाच्या चाकरीत केले तेच आता पगारी संशोधक स्वतःच्या नावाने करू लागले.

मग स्वातंत्र्य आले आणि मुंबई सरकारने प्रादेशिक विद्यापीठे काढण्याचा सपाटा लावला. १९४९ च्या आगेमागे पुणे, गुजरात आणि कर्नाटक अशी तीन विद्यापीठे एका मुशीतून निघाली: एकेका भाषेचा मुलूख, त्याचे एक विद्यापीठ. कर्नाटक विद्यापीठाचा कायदा मुंबईच्या विधिमंडळाने केला, कचेरी आधी मुंबईतच थाटली गेली आणि १९५० च्या ऑक्टोबरात ती धारवाडला आली. त्या वेळी कर्नाटक नावाचे राज्य नकाशावर नव्हते. धारवाड म्हैसूर राज्यात गेले १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आणि राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले १९७३ साली. विद्यापीठाने ते नाव आधीच लावून टाकले होते.

या विद्यापीठाला आकार दिला डी. सी. पावटे यांनी. गोकाक तालुक्यातला माणूस, केंब्रिजचा रँग्लर, मुंबई इलाख्याचा शिक्षणसंचालक, आणि १९५४ ते १९६७ अशी तेरा वर्षे कुलगुरू. नंतर ते पंजाबचे राज्यपाल झाले. गणिती माणसाने 'छोटा महाबळेश्वर' म्हणवणाऱ्या त्या टेकडीवर इमारती उभ्या केल्या, तशी माणसेही वेचून आणली. इंग्रजीला आर्मांदो मेनेझिस हे मुंबईत जन्मलेले गोवेकर कवी होते. रिसर्च इन्स्टिट्यूट विद्यापीठाच्या अंगणात आली आणि शिलालेखांचे मोठे जाणकार पां. भी. देसाई तिथे काम करू लागले. कन्नड तर होतेच; संस्कृत, हिंदी, मराठी यांचेही विभाग होत गेले.

मराठीचा विभाग कर्नाटक विद्यापीठात असणे ही साधी गोष्ट वाटेल, पण त्याचे प्रयोजन काय, हे सीमाप्रश्नाच्या धामधुमीत धूसर झाले. १९५६ नंतर बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे उच्चारली की दोन्हीकडच्या माणसांचे आवाज चढत. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, भांडण तसेच राहिले. अशा हवेत विद्यापीठातला भाषाविभाग हा अभ्यासाचा कमी आणि हक्काचा जास्त विषय होतो. मराठी विभाग सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी, मुंबई विद्यापीठातला कन्नड विभाग मुंबईतल्या कन्नड मुलांसाठी. दोन्ही गरजेचे, दोन्ही उपयोगी. पण मराठी मुलाने कन्नड शिकावे, त्या भाषेतली वचने, शिलालेख, कादंबऱ्या मुळातून वाचाव्यात, म्हणून पुण्या-मुंबईत कोणी खुर्ची टाकून बसले नाही. धारवाडचा माणूस मराठी वाचत आला. आपण त्याचे कन्नड वाचले नाही. या व्यवहारात आपण उधारीत आहोत, आणि ही उधारी सीमाप्रश्नाच्या निकालावर अवलंबून नाही.

ही उधारी धारवाडच्या एका शाळामास्तराने अंगावर घेऊन पाहिली. शंकर बाळदीक्षित जोशी, म्हणजे शं. बा. जोशी, यांचा जन्म १८९६ सालचा, बेंद्र्यांच्याच वर्षाचा. गाव गुर्लहोसूर. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हे गाव आधीच नोंदलेले आहे: शाकुंतल आणि सौभद्र लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तिथलेच, आणि कन्नड चाली मराठी नाटकात आणणारेही तेच. शं. बा. पदवीधर नव्हते. धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कुलात शिकवत आणि उरलेल्या वेळात एका प्रश्नाचा पिच्छा पुरवत: कावेरीपासून गोदावरीपर्यंत एकेकाळी पसरलेली कन्नड वस्ती कुठे विरली? याची उत्तरे त्यांनी कन्नडात अनेक ग्रंथांतून दिली. मग त्यांना वाटले की हे ज्यांच्याबद्दल आहे त्यांना त्यांच्या भाषेत सांगावे. १९५२ साली त्यांचे 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हे पुस्तक मराठीत आले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. महाराष्ट्राचा सर्वांत जुना थर गुरेमेंढरे राखणाऱ्या लोकांचा आहे. हटकर, धनगर ही त्याची उरलेली नावे. हा थर आणि कर्नाटकातला पशुपालकांचा थर वेगळा नाही. देव तेच, कुळे तीच, वाड्या-वस्त्यांची नावे त्याच घडणीची. शं. बां.च्या व्युत्पत्ती कित्येकदा ओढून आणलेल्या असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा आज कोणी स्वीकारणार नाही. पण प्रश्न खरा होता. महाराष्ट्रात या पुस्तकावर जितके भांडण व्हायला हवे होते तितकेही झाले नाही, ही मला त्याची मोठी उपेक्षा वाटते. पुढे रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ सालच्या ग्रंथात विठोबाच्या मुळांचा माग काढताना गवळी-धनगरांच्या देवाकडे आणि दक्षिणेकडच्या मुलखाकडे बोट दाखवले तेव्हा खळबळ झाली. पंढरपूरच्या देवळातला १२३७ सालचा लेख संस्कृत आणि कन्नडात आहे, हे तोवर जाणकारांना माहीत होते. वारकऱ्याला कोणी सांगितले नव्हते.

दरम्यान, आपले भांडण रंगात आलेले असताना, हा सगळा मुलूख साता समुद्रापलीकडच्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला जगभर लढावे लागले आणि त्या जगाच्या भाषा येणारी माणसे आपल्याकडे नाहीत हे तिच्या ध्यानात आले. १९४८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग निघाला. रशियाने स्पुटनिक सोडल्यावर १९५८ साली अमेरिकी सरकारने परकीय भाषांच्या शिक्षणाला कायद्याने पैसा दिला. त्यात भर पडली आपल्याकडच्या दुष्काळाची. पी. एल. ४८० च्या गव्हाचे जे रुपये भारतात साठले, त्यांतून १९६२ पासून भारतीय पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना धाडली जाऊ लागली. रेशनच्या रांगेत अमेरिकन गव्हाला नावे ठेवणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक नव्हते की त्या गव्हापायी त्याच्या भाषेतल्या कथा-कादंबऱ्या शिकागोला चालल्या आहेत, आणि तिथे त्या कन्नड पुस्तकांबरोबर एकाच छपराखाली राहणार आहेत.

विल्यम मॅकॉर्मॅक हा अमेरिकन मानवशास्त्रज्ञ धारवाडातच येऊन राहिला. धारवाडच्या कन्नडात ब्राह्मणाची बोली, ब्राह्मणेतराची बोली आणि दलिताची बोली कशी वेगळी पडते, यावरचा त्याचा निबंध १९६० साली छापला गेला. लिंगायतांवरही त्याने लिहिले. भाषाशास्त्रज्ञ जॉन गंपर्झ याने रॉबर्ट विल्सनला घेऊन सांगलीजवळचे कुपवाड गाठले. गाव तेव्हा तीनेक हजार वस्तीचे: जैन आणि लिंगायत कन्नड बोलणारे, मुसलमान दख्खनी उर्दू, दलित मराठी, आणि काही घरे तेलुगू. १९७१ साली छापलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की शतकानुशतके एका वेशीत नांदून या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली आहे. एका भाषेतल्या वाक्यातले शब्द एकेक करून बदलले की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार. शब्द मात्र कोणी सोडले नाहीत, कारण घरची भाषा ही जातीची ओळख होती. आज जगातल्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत कुपवाड हे नाव शिकवले जाते. कुपवाडकरांना त्याची खबर असण्याचे काही कारण नाही. ते गाव आता सांगली-मिरजेबरोबर महापालिकेत आहे.

याच वाटेने काही माणसे उलटही गेली. ए. के. रामानुजन मूळचे म्हैसूरचे. १९५० च्या दशकात ते बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि त्या भागातल्या लोककथा टिपून घेत. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान, तिथून अमेरिका, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शिकागो विद्यापीठ. बसवण्णा, अक्कमहादेवी यांची वचने इंग्रजी वाचकांपर्यंत नेणारे त्यांचे पुस्तक १९७३ चे. १९८७-८८ मध्ये गिरीश कार्नाड शिकागोला पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले. उत्तर कर्नाटकातल्या बायकांनी चुलीपाशी सांगितलेल्या ज्या कथा रामानुजनांनी जपल्या होत्या, त्यांच्यावरून कार्नाडांनी तिथे 'नागमंडल' हे नाटक लिहिले. धारवाडच्या पोराला धारवाडकडची गोष्ट शिकागोत भेटली. जर्मनीत हायडेलबर्गला गुंथर सोन्थायमर होते. ते धनगरांच्या मागे फिरले, आणि जेजुरीचा खंडोबा, कर्नाटकचा मैलार, आंध्रचा मल्लण्णा हा एकच देव तीन भाषांत कसा नांदतो हे त्यांनी मांडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ सालचा. शं. बां.नी चोवीस वर्षे आधी मराठीत विचारलेला प्रश्न जर्मनमधून आल्यावर आपल्याला भारदस्त वाटला.

तरीही सगळेच श्रेय परदेशाला देऊन मोकळे होता येत नाही. कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास रित्ती हे प्राचीन इतिहासाचे अध्यापक होते. देवगिरीच्या यादवांवरचा त्यांचा ग्रंथ १९७३ साली धारवाडहून निघाला. ज्ञानदेवांनी ज्यांच्या राज्यात ज्ञानेश्वरी सांगितली त्या यादवांचे लेख मोठ्या संख्येने कन्नडात आहेत, त्यामुळे यादवांचा इतिहास लिहिणाऱ्याला कन्नड वाचता येणे ही पहिली अट आहे. मराठी अभ्यासकांपैकी फार थोडे ती पुरी करू शकत. रित्ती ती अट घेऊनच जन्मले होते, आणि ते महाराष्ट्रात येत राहिले. १९६८ साली त्यांनी ग. चं. शेळके यांच्याबरोबर नांदेड जिल्ह्यातले लेख संपादित केले.

मग सोलापूर. तिथे आनंद कुंभार नावाचे गृहस्थ होते. कोणत्याही विद्यापीठाच्या खुर्चीवर नसलेले, स्वतःच्या हिमतीवर शिलालेखांच्या नादी लागलेले. जिल्ह्यातली गावे ते पालथी घालत, देवळाच्या पायरीत, चावडीच्या भिंतीत, विहिरीच्या थारोळ्यात बसवलेल्या शिळा हुडकून काढत, धुऊन-पुसून त्यांचे ठसे घेत. ज्या जिल्ह्याच्या हत्तरसंग कुडलला १०१८ सालचा जुना मराठी लेख सापडला, त्याच जिल्ह्यातल्या शिळा गावामागून गाव कन्नड बोलत होत्या. वाचनाला साथ होती धारवाडच्या रित्तींची. दोघांनी मिळून संपादित केलेला सोलापूर जिल्ह्यातल्या शिलालेखांचा संग्रह १९८८ साली धारवाडहून छापून आला.